पुडीवरची अक्षरे

पूर्वी वाण्याकडून किराणा रद्दीच्या पुडीत बांधून येत असे. त्या पुडीवर वाचण्याजोगे पुष्कळ असे: कुठल्याशा सभेचा अर्धा वृत्तान्त, एखाद्या नाटकाची जाहिरात, कोणीतरी सोडवून टाकलेले शब्दकोडे. पुडीतल्या मालाविषयी मात्र तीवर एक अक्षरही नसे. डाळीत लाखोळी किती मिसळली आहे, तेल नेमके कशाचे आहे, हळदीचा पिवळाधमक रंग हळदीचाच आहे की आणखी कशाचा, हे सारे वाण्याच्या शब्दावर सोपवून गिऱ्हाईक घरी जाई. वाणी ओळखीचा असे, महिन्याची उधारी त्याच्याकडेच असे, आणि म्हणूनच त्याच्या शब्दाला आव्हान देण्याची सोयही नसे.

आज स्थिती नेमकी उलट झाली आहे. बिस्किटाच्या पुड्यापासून स्वयंपाकाच्या गॅसच्या नळीपर्यंत प्रत्येक वस्तूवर तिची कुंडली छापलेली असते. वजन किती, सर्व करांसह कमाल किंमत किती, कोणी व कोठे बनविली, केव्हा बनविली, कोणत्या तारखेपर्यंत वापरावी, तक्रार कोठे करावी, हे सारे तीत असते. खाद्यपदार्थ असेल तर त्यात काय काय आहे तेही, आणि तेसुद्धा उतरत्या क्रमाने. म्हणजे जे सर्वांत अधिक ते प्रथम. ही माहिती उत्पादकांनी आपखुशीने दिलेली नाही. १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा, १९७७ चे वेष्टित वस्तूंचे नियम, १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा, २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आणि त्यानंतरचे अनेक नियम यांतून ती एकेक ओळ करून वसूल करावी लागली आहे. या कामी अर्धशतकाहून अधिक काळ गेला. आणि इतके होऊनही, दहा ग्राहकांपैकी किती जण ती वाचतात, असा प्रश्न कोणत्याही दुकानात पाच मिनिटे उभे राहून ज्याने त्याने स्वतःलाच विचारावा.

यावर ठरीव उत्तर असे की, आपला ग्राहक बेसावध आहे, आळशी आहे, त्याला जागे केले पाहिजे. सरकारी जाहिरातींचा सारा सूर असाच असतो. हे उत्तर अगदीच खोटे नाही. परंतु ते अर्धे आहे, आणि जो अर्धा भाग वगळला जातो तोच अधिक महत्त्वाचा आहे. वेष्टनावरील माहिती वाचली जाऊ नये अशा बेताने छापलेली असते, आणि ज्या भाषेत ती छापलेली असते ती भाषा घेणाऱ्याची नसते. परिणाम असा होतो की, ग्राहकाला सल्ला तर हवा असतो, तो वेष्टनावर असतोही, परंतु तो त्याच्या हाती पडत नाही. मग जे दोन सल्लागार त्याला सहज भेटतात, म्हणजे जाहिरात आणि विक्रेता, त्यांच्यावर तो विसंबतो. या दोघांचाही त्या वस्तूच्या खपात स्वार्थ आहे, हे वेगळे सांगावयास नको.

एका रविवारचा उद्योग

प्रस्तुत लेखकाने मध्यंतरी एका रविवारी सकाळी चष्मा आणि शब्दकोशासाठी ठेवलेले भिंग घेऊन घरातील फळीवरचे सारे डबे, पुडे व बाटल्या वाचून काढल्या. घरातील मंडळींनी प्रथम थट्टा केली. नंतर तीही भोवती जमली. या उद्योगाला दोन तास लागले. त्यातून निघालेली माहिती कोणत्याही मध्यमवर्गीय घरातून निघेल अशीच आहे, म्हणून ती येथे देण्यास संकोच वाटत नाही.

पहिला आला बिस्किटांचा पुडा. पुढच्या बाजूस गव्हाच्या सोनेरी ओंब्या आणि पचनाला हितकारक असल्याची ग्वाही. पाठीमागे, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, पहिला घटक मैदा, दुसरा साखर, तिसरा पामतेल. ज्याच्या ओंब्या पुढे डुलत होत्या तो आख्खा गहू चौथ्या क्रमांकावर बसला होता. यात कायद्याचा भंग कोठेही नाही. सत्य सांगितलेले आहे. फक्त ते पाठीमागे सांगितलेले आहे.

दुसरा डबा मुलांच्या दुधात घालावयाच्या पावडरीचा. त्याच्या यादीत साखर वर होतीच, आणि तिच्या मागोमाग द्रव ग्लुकोज व माल्टोडेक्स्ट्रिन होते. ही साखरेची सख्खी भावंडे, फक्त आडनावे निराळी. तिघांची बेरीज केली तर यादीचा पहिला मान कोणाचा, हे सांगण्यासाठी गणिताच्या शिक्षकाची गरज नाही. पण यादीत ती तीन ठिकाणी विखुरल्यामुळे नजरेत भरत नाही. अशा पेयांना 'हेल्थ ड्रिंक' म्हणण्याची प्रथा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. एप्रिल २०२४ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना बजावले की, अशी कोणतीही संज्ञा अन्नकायद्यात व्याख्यात केलेली नाही, तेव्हा त्या नावाखाली ही पेये विकू नयेत. म्हणजे ज्या शब्दाच्या भरवशावर आयांनी पगारातून पैसे काढून डबे विकत घेतले, त्या शब्दाला कायद्यात जागाच नव्हती.

आणखी दोन गोष्टी त्या रविवारी उमगल्या. पोषणमूल्यांच्या तक्त्यात एक रकाना शंभर ग्रॅमसाठी असतो आणि दुसरा 'एका वाढणी'साठी. ही वाढणी उत्पादक ठरवितो. चार माणसांच्या घरात वेफरचे पाकीट फोडल्यावर कोणी वीस ग्रॅमवर थांबत नाही. पण रकान्यातला आकडा मात्र त्या वीस ग्रॅमचा असतो, आणि तो अर्थातच लहान दिसतो. म्हणून शंभर ग्रॅमचाच रकाना पाहावा. दुसरी गोष्ट मिठाची. तक्त्यात मीठ हा शब्द बहुधा नसतो, सोडियम असते, तेही मिलिग्रॅममध्ये. त्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचा आकडा मिळतो. सोडियम आठशे मिलिग्रॅम म्हणजे मीठ दोन ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे, हे लक्षात घेतले म्हणजे झटपट शेवयांची एक बशी त्यातला किती वाटा खाऊन टाकते ते कळते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या घरात तरी हा गुणाकार यावयास हवा.

तीन इंग्रजी अक्षरे

बिस्किटे आणि पावडरी यांत पैसा व दात जातात. जिवावर सहसा बेतत नाही. परंतु वेष्टनावरील अक्षरांचा प्रश्न जिवाशी कसा येऊन भिडतो, याचे ताजे आणि बोलके उदाहरण 'ओआरएस' या तीन अक्षरांचे आहे.

जुलाबाने शरीरातील पाणी व क्षार निघून जातात आणि लहान मूल काही तासांत दगावू शकते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली तेव्हा शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज पाण्यात मिसळून ते पिंपांतून रुग्णांना पाजण्याचे धाडस केले, आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आले. विसाव्या शतकातील वैद्यकाच्या मोठ्या विजयांपैकी हा एक मानला जातो. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्यात मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम, असे एकूण साडेवीस ग्रॅमचे हे मिश्रण असते. प्रमाण हाच त्याचा प्राण आहे. साखर त्याहून पुष्कळ अधिक झाली तर आतडी पाणी शोषून घेण्याऐवजी ते बाहेर ओढतात आणि जुलाब वाढतात.

आता या तीन अक्षरांवर बाजाराची नजर न जाती तरच नवल. औषधाच्या दुकानांतून, इस्पितळांच्या आवारातूनही, फळांच्या चवीची गोड पेये 'ओआरएस' ही अक्षरे नावात घेऊन विकली जाऊ लागली. त्यांत साखर सूत्राच्या कित्येक पट होती. आक्षेप निघाल्यावर प्राधिकरणाने काय केले? २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये असा मार्ग काढला की, नावात ती अक्षरे राहू द्यावीत, मात्र हे पेय जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेले ओआरएस नव्हे, असा खुलासा वेष्टनावर छापावा! म्हणजे मोठ्या अक्षरांत 'आहे' म्हणावयाचे आणि लहान अक्षरांत 'नाही' म्हणावयाचे. मध्यरात्री तापलेले, सुकलेले मूल खांद्यावर घेऊन आलेल्या बापाने, बंद होत आलेल्या दुकानाच्या अपुऱ्या उजेडात, तो इंग्रजी खुलासा वाचावा अशी ही अपेक्षा होती. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टर बाई अनेक वर्षे या प्रश्नाचा पाठपुरावा करीत राहिल्या. अखेर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी प्राधिकरणाने ही मुभा मागे घेतली, आणि सूत्राप्रमाणे नसलेल्या कोणत्याही पेयाच्या नावात ती अक्षरे वापरण्यास मनाई केली.

निर्णय योग्य झाला. परंतु मधल्या काळात जी समजूत कागदोपत्री मान्य झाली होती, ती या एका पेयापुरती नाही. बारीक अक्षरांत खुलासा छापला की उत्पादकाची जबाबदारी संपली आणि वाचण्याची जबाबदारी ग्राहकाची, ही ती समजूत. आजही बाजाराचा सारा व्यवहार तिच्यावरच चालला आहे.

घरात ओआरएस ठेवावयाचे असेल तर पाण्यात विरघळवावयाची, सूत्र छापलेली पुडीच ठेवावी. ती स्वस्तही असते. एक लिटरची पुडी पुऱ्या एक लिटर पाण्यातच घालावी. अर्धी पुडी पेलाभर पाण्यात, असा अंदाज करू नये.

चेहऱ्याची किंमत

त्या रविवारी भोवती जमलेल्यांत शेजारची एक महाविद्यालयीन विद्यार्थिनीही होती. हा खेळ पाहून ती घरी गेली आणि आपल्याकडचे एक मलम घेऊन आली. चेहऱ्यावरच्या डागांसाठी मैत्रिणीने सुचविलेले, औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेले. चार महिने लावीत होती. आरंभी रंग उजळल्यासारखा वाटला. आता मलम एक दिवस चुकले तरी चेहरा लाल होऊन आग होते, म्हणून सोडवत नव्हते. भिंगाखाली त्या नळीवर तीन नावे निघाली: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. यांतील शेवटचे स्टिरॉइड आहे. शेजारी तांबड्या रेषेत इंग्रजी सूचना होती की, हे अनुसूची 'एच'मधील औषध असून नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून त्याची किरकोळ विक्री करू नये. मुलगी विज्ञान शाखेची आहे. इंग्रजी तिला येते. "एवढे बारीक कोण वाचतो, काका?" असे ती म्हणाली, आणि तिचे म्हणणे खोडून काढण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते.

स्टिरॉइडयुक्त मलमे ही योग्य रोगात, योग्य मुदतीपुरती, डॉक्टरच्या देखरेखीखाली उत्तम औषधे आहेत. परंतु आपल्याकडे ती दोन कामांसाठी सर्रास वापरली जातात: गोरे होण्यासाठी आणि नायट्यासाठी. पहिल्या उपयोगात त्वचा पातळ होते, तांबडी पडते, मुरुमे व लव वाढते, आणि सोडताच दाह होतो. त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्वतंत्र नावच दिले आहे. दुसऱ्या उपयोगात फसवणूक अधिक सूक्ष्म आहे. नायट्याची खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून औषध लागू पडले असे वाटते. प्रत्यक्षात स्टिरॉइडने केवळ त्वचेचा प्रतिकार दाबलेला असतो. बुरशी निर्वेधपणे पसरत राहते, आणि पुढे ती साध्या औषधांना दाद देईनाशी होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइडांची मलमे चिठ्ठीवाचून विकता येऊ नयेत म्हणून अनुसूची 'एच'मध्ये घातली. कायदा झाला, विक्री मात्र चिठ्ठीची वाट पाहताना फारशी दिसत नाही.

येथे औषधविक्रेत्याला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु तालुक्याच्या गावी त्वचारोगतज्ज्ञ आठवड्यातून एकदा येतो, त्याची फी आणि बुडणारी रजा यांचा हिशेब कारकुनालाही परवडत नाही, मजुराची तर गोष्टच सोडा. औषधाचे दुकान हाच गरिबाचा दवाखाना झालेला आहे. अशा ठिकाणी नळीवरची सूचना हीच काय ती शेवटची अडसर उरते, आणि तीच वाचता येत नाही. निदान इतके लक्षात ठेवावे: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी कोणतेही नाव नळीवर असेल, तर ती नळी कोणाच्याही शिफारशीवरून चेहऱ्याला किंवा नायट्याला लावू नये. आणि जी नळी महिनोन्‌महिने लावली आहे तीही एकाएकी न टाकता डॉक्टरच्या सल्ल्याने सोडावी.

ज्या डबीवर काहीच छापलेले नाही तिचा धोका याहूनही मोठा. २०२३ मध्ये केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात काही रुग्णांची मूत्रपिंडे अकस्मात बिघडल्याचे आढळले, आणि शोधाअंती कारण निघाले चेहरा उजळविण्याच्या क्रीममधील पारा. महाराष्ट्रातही त्याच सुमारास असा प्रकार उघडकीस आला होता. पारा त्वचेचा रंग घडविणारी क्रिया दाबतो, म्हणून रंग खरोखरच उजळतो. हाच त्यातला सापळा. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने २०२० मध्ये आपले नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' केले. नावातला गोरेपणा गेला. लग्नाच्या बाजारातला गेला नाही, आणि तो जाईपर्यंत ब्यूटी पार्लरच्या कप्प्यातून निनावी डब्या निघतच राहणार. ज्या डबीवर बनविणाऱ्याचे नाव, पत्ता व परवाना क्रमांक नाही ती घेऊ नये, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ अनर्थ टळेल.

स्वयंपाकघरातील उपकरणांबाबत फार विस्तार नको. तेथे अक्षरे थोडी आणि नेमकी आहेत. गॅसच्या सिलिंडरच्या वरच्या कड्याला आधार देणाऱ्या उभ्या पट्टीवर, आतील बाजूस, एक अक्षर व दोन आकडे रंगविलेले असतात. 'ए' म्हणजे मार्चअखेर, 'बी' म्हणजे जूनअखेर, 'सी' म्हणजे सप्टेंबरअखेर, 'डी' म्हणजे डिसेंबरअखेर. 'बी २८' असे असेल तर जून २०२८ नंतर त्या टाकीची फेरचाचणी व्हावयास हवी. मुदत उलटलेली टाकी दारातूनच परत करावी. गॅसची रबरी नळी आयएसआय चिन्हाची असावी आणि दर पाच वर्षांनी बदलावी. चिरा पडल्यावर नव्हे. प्रेशर कुकरवर २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, आणि त्याच्या वर आयएस २३४७ हा क्रमांक असतो. तरीही चिन्हावाचून कुकर विकले गेले. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्याबद्दल बड्या ऑनलाइन विक्री कंपन्यांना एकेक लाख रुपये दंड केला; त्यांच्या उलाढालीच्या मानाने ही रक्कम म्हणजे समुद्रातून काढलेला तांब्या. शीतकपाटावरील ताऱ्यांबाबतही एक खाचखळगा आहे. ताऱ्यांची मोजपट्टी ठरावीक काळाने कडक होते, म्हणून जुन्या वर्षाच्या पट्टीचे पाच तारे नव्या पाचांच्या तोडीचे नसतात. पट्टीवर कालावधी छापलेला असतो, वर्षाला किती युनिटे वीज लागेल हाही आकडा असतो. तारे मोजण्यापेक्षा तो आकडा वाचावा.

पाटी मराठी, माल इंग्रजी

आता भाषेचा मुद्दा. २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार ही सारी माहिती देवनागरी लिपीतील हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावयाची आहे. खाद्यपदार्थांसाठीही तीच तरतूद आहे. अन्य भाषा जादा वापरण्यास मनाई नाही, सक्तीही नाही. दोहोंतून निवड करण्याची मुभा मिळाल्यावर उत्पादक बहुधा इंग्रजी निवडतात, हे कोणत्याही फळीवर हात ठेवून पाहता येईल. २०२२ मध्ये महाराष्ट्राने कायदा दुरुस्त करून लहानमोठ्या सर्व दुकानांच्या पाट्या मराठीत करण्याची सक्ती केली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या दोन्ही गोष्टींचा आनंद आम्हालाही झाला. परंतु दुकानाची पाटी चुकीची वाचली तर माणूस फार तर शेजारच्या दुकानात शिरतो. औषधाची नळी वाचता आली नाही तर काय होते, ते वर सांगितलेच आहे. पाटीसाठी आंदोलने झाली. आत ठेवलेल्या मालासाठी एखादा मोर्चा निघाल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

यावर उत्पादकांचा आक्षेप ठरलेला आहे. देश मोठा, भाषा बावीस, बिस्किटाच्या पुड्यावर बावीस भाषा मावतील कशा? आक्षेप अगदी निराधार नाही, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यावयास हवे. एक तर सारी माहिती सर्व भाषांत मागण्याचे कारण नाही. इशारा, मात्रा, मुदत आणि मुख्य घटक एवढेच विक्रीच्या प्रांताच्या भाषेत मागावयाचे. युरोपात खाद्यपदार्थ ज्या देशात विकावयाचा तेथील लोकांना सहज समजेल अशा भाषेतच माहिती द्यावी लागते, कॅनडात इंग्रजी व फ्रेंच दोन्ही भाषा सक्तीच्या आहेत, आणि तेथील कारखाने त्यामुळे बुडालेले नाहीत. दुसरे असे की, याच कंपन्यांना गणपतीत व दिवाळीत सवलतीची घोषणा मराठीत छापता येते. जागा तेव्हा सापडते.

जेथे भाषा खरोखरच मावत नाही तेथे चिन्ह मावते. शाकाहारी पदार्थावरील हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका २००१ च्या सुमारास आला. आज निरक्षर आजीही तो पाहून पुडा हाती घेते किंवा खाली ठेवते. त्यासाठी तिला ना इंग्रजी लागते, ना भिंग. २०१६ पासून सिगारेटच्या पाकिटाचा पंच्याऐंशी टक्के भाग चित्रमय इशाऱ्याने व्यापला. म्हणजे मनावर घेतले तर हे आपल्याकडे होऊ शकते. चिली या देशाने त्याच वर्षी साखर, मीठ वा चरबी प्रमाणाबाहेर असलेल्या पदार्थांच्या दर्शनी बाजूवर काळे अष्टकोन छापण्याची सक्ती केली. आपल्याकडे २०२२ मध्ये मसुदा निघाला तो मात्र इशाऱ्याचा नव्हे, ताऱ्यांचा. घातक पदार्थालाही निदान अर्धा तारा देऊन गौरविणारी ही पद्धत कोणाला सोयीची आहे, हे सांगण्याची गरज नसावी. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या प्रश्नी मुदत घालून द्यावी लागली.

अलीकडे माहिती वेष्टनावरून काढून काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या चौकोनात घालण्याची टूम निघाली आहे. दूरध्वनीने तो चौकोन टिपला की सारे दिसते. तरुणांना ते सोयीचे आहे यात शंका नाही, आणि भाषांचा प्रश्नही त्यातून सुटू शकेल. पण तो बारीक अक्षरांना पर्याय ठरता कामा नये. फार तर जोड. ज्याला अक्षर वाचता येत नाही, त्याच्याजवळ ते टिपणारे यंत्र असेलच, असा हिशेब शहरात बसून करता येतो.

महाराष्ट्रात ग्राहक चळवळ नवी नाही. मुंबईत १९६६ साली गृहिणींनीच पुढाकार घेऊन ग्राहकांची संघटना उभी केली. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचा पाया घातला, आणि पुढल्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत निघाली. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी गट करून महिन्याचा माल एकत्र घ्यावयाचा, तोलून पाहावयाचा, वाटून घ्यावयाचा, या कामात शिक्षक व कारकून मंडळीच पुढे होती. त्या पिढीने वजनमाप वाचावयास शिकविले. आजच्या शिक्षकांना त्याहून सोपे काम करता येईल. आठवीच्या वर्गात शेकडेवारीचा धडा चालू असताना प्रत्येक मुलाने घरातून एक रिकामे वेष्टन आणावे, शंभर ग्रॅममध्ये साखर किती, पुऱ्या पुड्यात किती, चमच्यांत मोजली तर किती, एवढे गणित फळ्यावर करावे. पाच ग्रॅमचा चमचा धरला तर पुरे. हे अभ्यासक्रमात नाही, असे एखादे मुख्याध्यापक म्हणतील. शेकडेवारी तर आहे.

आणि राज्य सरकारला, वेष्टनाचे नियम केंद्राचे आहेत, असे सांगून बाजूला होता येणार नाही. नियम केंद्राचे असले तरी खरेदी राज्याची आहे. अंगणवाडीतून बालकांना व गरोदर स्त्रियांना दिली जाणारी पाकिटे, शाळांच्या पोषण आहाराचा माल, सरकारी इस्पितळांच्या भांडारातील गोळ्या व मलमे हे सारे राज्य निविदा काढून घेते. त्या निविदेत एक अट घालावी: घटक, मात्रा, मुदत आणि इशारा मराठीत, अमुक उंचीच्या अक्षरांत छापलेला असावा. जादा भाषेस नियमात मनाई नाहीच. तेवढ्यासाठी दिल्लीच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही, आणि पुढच्या निविदेपासूनच ते करता येण्याजोगे आहे.